औषध करणं एक, ते निवडणं दुसरं: इन्सुलिनच्या बाटलीत नेमकं काय असतं?

पोळ्याला गावी गेले होते. हिंगणघाट तालुक्यातलं आमचं गाव. पोळा फुटला, बैल घरोघरी पूजा घेऊन आले, आणि काकाजी ओसरीवर टेकले. संध्याकाळच्या जेवणाआधीचं इन्सुलिन घ्यायचं होतं, म्हणून बाटली हातात होती.

"बाई, वीस वर्सं झाले तू त्या लॅबमंदी आहे. लोकं इचारतात का पोरगी काय करते, तं म्या काय सांगू?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. प्रथिनं शुद्ध करते.

त्यांनी बाटली बल्बाच्या उजेडात धरली. "म्हंजे हे तू बनवतं?"

"बनवणारे वेगळे, काकाजी. मी निवडते."

"तांदूळ निवडतात तसं?"

अगदी तसंच, मी म्हटलं. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याच्या गडबडीत त्यांना जे जे सांगितलं, ते इथं जरा सलग लिहिते आहे. घरात कुणी इन्सुलिन घेतं, कुणाला सापाचं औषध दिलं गेलेलं असतं, कुणाच्या कॅन्सरवर महागडं इंजेक्शन चालू असतं. ही सगळी औषधं प्रथिनांची आहेत, आणि त्यांची किंमत, त्यांचा नाजूकपणा, त्यांची भीती या सगळ्याचं मूळ या निवडण्यात आहे.

प्रथिन म्हणजे बांधलेला फेटा

प्रथिन म्हटलं की डाळ आठवते, अंडं आठवतं. खाण्यापुरतं ते बरोबर आहे. औषधापुरतं मात्र थोडं आत शिरावं लागतं. प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ. मणी वीस प्रकारचे, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. इन्सुलिनमध्ये असे ५१ मणी असतात. शरीरात शिरलेल्या शत्रूला पकडणारं प्रथिन, म्हणजे प्रतिपिंड, याच्या एका रेणूत साधारण १,३०० मणी असतात.

पण नुसती माळ काही कामाची नसते. ती ठरावीक घड्या घालून, ठरावीक ठिकाणी दुमडून बसली तरच काम करते. फेट्याचं कापड खुंटीला टांगलं तर ते कापडच असतं, डोक्यावर नीट बांधलं की फेटा होतो. सूत तेच, वजन तेवढंच. अंडं उकडलं की त्यातल्या प्रथिनांचे फेटे सुटतात आणि एकमेकांत गुंततात, पांढरा घट्ट गोळा होतो. थंड केलं तरी ते पुन्हा कच्चं होत नाही. माझ्या धंद्यातली सगळी भीती या एका उकडलेल्या अंड्यात आहे. उष्णता, आंबटपणा, गोठणं, जोरात घुसळणं, फेस येणं, यातल्या कशानंही फेटा सुटू शकतो.

१९२२: पहिलं इंजेक्शन का फसलं

इन्सुलिनचा शोध सांगताना बॅंटिंग आणि बेस्ट ही नावं येतात. १९२१ साली कॅनडातल्या टोरांटोमध्ये त्यांनी स्वादुपिंडाच्या अर्कानं कुत्र्यांची रक्तातली साखर उतरवून दाखवली. मला मात्र तिसरं नाव जास्त जवळचं वाटतं, जेम्स कॉलिप.

११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. मधुमेहानं तो हाडांचा सापळा झाला होता. साखर थोडीशी उतरली, पण जिथं सुई टोचली तिथं गळू झालं आणि उपचार थांबवावे लागले. औषध बाटलीत होतं, पण ते एकटं नव्हतं. स्वादुपिंडातली इतर शेकडो प्रथिनं त्या तपकिरी, गढूळ अर्कात तशीच होती.

मग कॉलिप कामाला लागला. तो जीवरसायनशास्त्रज्ञ. त्यानं अर्कात हळूहळू अल्कोहोल वाढवत नेलं. एका टप्प्याला नको असलेली बरीच प्रथिनं तळाला बसली आणि इन्सुलिन वर विरघळलेलं राहिलं. ते गाळून घेतलं आणि अल्कोहोल आणखी वाढवलं, तेव्हा इन्सुलिनही खाली बसलं. दुधात लिंबू पिळलं की छाना एकीकडं आणि निवळी एकीकडं होते ना, तोच खेळ, फक्त फार बारकाईनं खेळलेला. २३ जानेवारीला त्याच मुलाला हा स्वच्छ अर्क टोचला आणि साखर झपाट्यानं उतरली. लेनर्ड पुढं १३ वर्षं जगला.

त्यानंतरची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मोठ्या प्रमाणात करायला घेतलं तेव्हा कॉलिपला तेच औषध पुन्हा जमेना. भांडं मोठं झालं, तापमान जरा इकडंतिकडं झालं आणि हाती आलेलं निसटलं. काही आठवडे टोरांटोत इन्सुलिनची टंचाई झाली. चार माणसांची भाजी करणाऱ्या सुगरणीला लग्नाच्या पंगतीचा हंडा सांभाळताना जे होतं ते हेच. कृती माहीत असणं आणि ती दर वेळी, मोठ्या भांड्यातही तशीच उतरवणं यांत फार अंतर आहे. ते अंतर भरून काढण्याच्या शास्त्राला आज बायोप्रोसेस म्हणतात. जिवंत पेशींकडून औषध करवून घेण्याची भांड्यापासून बाटलीपर्यंतची सगळी वाट, असा त्याचा अर्थ.

"डुकराचं तं नाई ना?"

काकाजी माळकरी आहेत. हा प्रश्न त्यांनी फार आधी विचारायला हवा होता, बहुतेक भीतीनं विचारला नसावा.

पूर्वी इन्सुलिन खरोखरच गाय-डुकराच्या स्वादुपिंडातून काढत. दोन टनांहून जास्त ग्रंथी लागत, तेव्हा पाव किलोही शुद्ध इन्सुलिन हाती येत नसे. १९७८ साली अमेरिकेत माणसाच्या इन्सुलिनची कृती, म्हणजे त्याचा जनुक, जिवाणूत घालून त्याच्याकडून इन्सुलिन करवून घेता आलं. १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. आता हे काम जिवाणू करतात किंवा यीस्ट, म्हणजे पाव फुगवणारी बुरशी. इन्सुलिनपेक्षा मोठ्या, गुंतागुंतीच्या प्रथिनांसाठी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी वापरतात. त्या कित्येक दशकांपासून प्रयोगशाळेतच वाढत आल्या आहेत, दर वेळी नवा प्राणी लागत नाही.

पण काकाजींची बाटली ३०/७० ची होती, म्हणजे तीस टक्के लगेच काम करणारं आणि सत्तर टक्के सावकाश काम करणारं इन्सुलिन. अशा मिश्र इन्सुलिनमध्ये औषध सावकाश सुटावं म्हणून प्रोटामाइन नावाचं प्रथिन मिसळतात, आणि ते माशांपासून मिळत आलं आहे. हे लपवून ठेवणं मला पटलं नाही. मी सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "औषधाले माळ आडवी येत नाई. पण तू सांगतलं ते बरं केलं."

निवडायचं कशाच्या आधारावर?

स्टीलच्या मोठ्या बंद भांड्यात जिवाणू वाढवतात. चोवीस तास तापमान, आंबटपणा, हवा आणि साखरेचा पुरवठा यांवर नजर असते. शेवटी जे हाती येतं ते कढीसारखं दाटसर, ओल्या मातीसारख्या वासाचं पाणी. त्यात आपलं प्रथिन असतं आणि जिवाणूंची स्वतःची हजारो प्रथिनं असतात. शिवाय त्यांचा डीएनए, फुटलेली कवचं, क्षार आणि रंग. जिवाणूच्या पोटात आपलं प्रथिन बरेचदा चुरगळलेल्या गोळ्याच्या रूपात असतं. मग तो गोळा उकलून फेटा पुन्हा बांधावा लागतो, ते वेगळंच कसब आहे.

आपल्याकडं कापूस वेचून जिनिंगमध्ये नेतात. रुई आणि सरकी वेगळी करणं सोपं, कारण दोन्हीत डोळ्यांना दिसणारा फरक आहे. खळ्यावर उपणताना वारा काम करतो, कारण भुसा हलका आणि दाणा जड. चाळणी आकारावर चालते. म्हणजे निवडायचं तर आधी फरक शोधावा लागतो. प्रथिनांतले फरक डोळ्यांना दिसत नाहीत, एवढंच.

पहिला फरक विरघळण्यातला. एमएस्सीला असताना सरांनी अमोनियम सल्फेटची बरणी पुढं केली तेव्हा मला वडलांच्या कोठ्यातली खताची पोती आठवली. नाव तेच, फक्त बरणीतलं फार शुद्ध. हे मीठ पाण्यात घालत गेलं की ते पाण्याला स्वतःकडं ओढतं. प्रथिनांना विरघळून राहायला पाणी पुरत नाही आणि ती एकेक करून खाली बसतात. कुठलं प्रथिन किती मिठाला बसेल हे ठरलेलं असतं. माझा तेव्हाचा प्रकल्प लोणार सरोवराच्या चिखलातल्या जिवाणूंवर होता. ते पाणी इतकं खारं की तिथं जगणाऱ्या जिवाणूंची प्रथिनं साबणासारख्या पाण्यातही काम करतात, आणि कपडे धुण्याच्या पावडरीत अशाच प्रथिनांचा उपयोग होतो. पहिल्यांदा मीठ घातल्यावर काचेच्या भांड्यात धुकं उतरावं तसा पांढुरका थर जमला, तो क्षण मला अजून लख्ख आठवतो.

यापुढचं सगळं काम एका उभ्या नळीत चालतं. नळीत साबुदाण्याहून कितीतरी बारीक मणी भरलेले असतात. वरून मिश्रण सोडायचं, खालून काय केव्हा बाहेर येतं ते वेगवेगळ्या भांड्यांत धरायचं. या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खडूच्या भुकटीनं भरलेल्या नळीतून पानांचा रस सोडला आणि हिरवे-पिवळे पट्टे वेगळे झालेले पाहिले. त्याच्या आडनावाचा अर्थही रंगच.

आकारावर निवडणारी नळी सगळ्यांना चकवते, कारण तिच्यातून मोठं प्रथिन आधी बाहेर पडतं. काकाजींना हे पटेना. चाळणीत लहान दाणा आधी खाली पडतो, मग इथं उलटं कसं? मी त्यांना आमचा आठवडी बाजार आठवायला सांगितला. रस्त्यावरून भरलेली बैलगाडी निघाली तर ती कुठल्याच दुकानात शिरू शकत नाही, सरळ पलीकडं जाते. लहान पोरगं मात्र फुटाण्याच्या दुकानात शिरतं, बांगड्यांच्या दुकानात डोकावतं, प्रत्येक बोळात जाऊन येतं. निघाले दोघं एकाच वेळी, पोरगं पोचतं शेवटी. नळीतल्या मण्यांना अशी बारीक छिद्रं असतात. लहान प्रथिनं त्यांत शिरतात, मोठी बाजूनं निघून जातात.

विद्युतभारावर निवडणाऱ्या नळ्याही असतात. केसांत फिरवलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात तसं प्रथिन मण्यांना चिकटतं आणि मिठाचं पाणी सोडलं की सुटतं. त्यावर फार बोलत नाही. मला सगळ्यात जास्त आवडते ती ओळखीवर चालणारी नळी. सांजेला गुरं परत येतात तेव्हा गोठ्यात बांधलेलं वासरू पन्नास गाईंतून आपल्या मायकडंच धाव घेतं. प्रतिपिंडांसाठी नळीत असंच एक वासरू बांधून ठेवता येतं. त्याचं नाव प्रोटीन ए, आणि ते मूळचं गळवं करणाऱ्या एका जिवाणूच्या अंगावरचं आहे. हजारो प्रथिनं समोरून वाहत जातात, ते फक्त प्रतिपिंडाला धरतं. मग आंबट द्रावण सोडलं की पकड सुटते आणि जवळजवळ शुद्ध औषध खाली येतं.

पण आंबट द्रावणात प्रथिनाला फार वेळ ठेवता येत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी ते ठेवलं. खाली आलेल्या द्रावणाचा आंबटपणा लगेच उतरवायचा होता. मला दुसऱ्या कामाला बोलावलं गेलं, मी गेले, आणि परत यायला तीन तास लागले. भांडं उजेडात धरलं तेव्हा आत अगदी हलकं धुरकट दिसलं. दुसऱ्या दिवशी तपासणीत कळलं की प्रथिनं एकमेकांना चिकटून गठ्ठे झाले आहेत. कित्येक दिवसांची मेहनत ओतून द्यावी लागली. असे गठ्ठे माणसाच्या अंगात गेले तर शरीर त्या औषधाविरुद्धच उभं राहू शकतं, म्हणून त्यात तडजोड चालत नाही. तेव्हापासून द्रावण पूर्ववत केल्याशिवाय मी जागा सोडत नाही.

उताऱ्याचा हिशोब

"मंग एवढं महाग काऊन?" या प्रश्नाचं उत्तर आपल्या शेतकऱ्यांना कुणी शिकवायला नको. एक क्विंटल कापसातून रुईचा उतारा साधारण ३४-३५ किलो पडतो. एक क्विंटल तुरीची डाळ क्विंटलभर होत नाही. प्रत्येक पायरीवर घट येते.

प्रथिनांचंही तेच. समजा दर पायरीला ९० टक्के माल वाचला. ऐकायला छान वाटतं. पण सहा पायऱ्या असतील तर शंभरातले शेवटी ५३ उरतात. एका पायरीवर उतारा ९० वरून ८० वर आला तर शेवटचा आकडा ४७ वर येतो. त्यात नळीतले खास मणी महाग, पाणी इंजेक्शनच्या दर्जाचं हवं, सगळं थंडीत आणि जंतूविरहित जागेत. अनेक औषधांच्या उत्पादनखर्चाचा मोठा वाटा पेशी वाढवण्यापेक्षा या निवडण्यावर जातो.

बाजारातली किंमत एवढ्यानंच ठरते असं मात्र मी म्हणणार नाही. पेटंट, कंपन्यांचा नफा, किती जण तेच औषध करतात, हे सगळं त्यात येतं. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं भारतात कावीळ-बी ची लस याच पद्धतीनं, यीस्टकडून करवून घेतली, तेव्हा परदेशी लसीच्या मानानं किंमत खूपच खाली आली. कृती अवघड असली तरी ती शिकणारे वाढले की औषध गावापर्यंत पोचतं.

शुद्ध आहे हे कशावरून?

गेली काही वर्षं मी नळीपासून उठून तपासणीच्या टेबलावर आले आहे. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं. मला ते अर्ध्याहून अधिक औषध वाटतं.

डेअरीवर दूध घातलं की फॅट बघतात. कापूस खरेदी केंद्रावर ओलावा बघतात, आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि बाराच्या वर गेला की घेत नाहीत. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्यानंतर बियाणं खरंच बीटी आहे का हे बघायला पान कुस्करून त्यात पट्टी बुडवण्याची चाचणी आली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनंही अशा तपासणीचे किट तयार केले. त्या पट्टीवर उमटणारी रेघ म्हणजे प्रतिपिंडानं बीटीचं प्रथिन ओळखल्याची खूण. म्हणजे या शास्त्राची ओळख आपल्या शिवारात आधीच झालेली आहे.

औषधासाठी एक चाचणी पुरत नाही. जेलीच्या पातळ वडीतून वीज सोडून प्रथिनं पळवतात आणि निळ्या रंगानं रंगवतात. शुद्ध माल असेल तर एकच निळी रेघ दिसते. पण डोळ्यांना एक दिसली म्हणून भागत नाही. दुसऱ्या यंत्रात गठ्ठे किती ते मोजायचं, तिसऱ्यात वजन, चौथ्यात जिवाणूंची उरलेली प्रथिनं. ही उरलेली प्रथिनं बहुधा दहा लाखांत शंभर भागांच्या खाली आणावी लागतात. शंभर किलोच्या पोत्यात दहा ग्रॅमच खडे चालतील, असा तो हिशोब झाला. पेशींचा डीएनए एका मात्रेत १० नॅनोग्रॅमपेक्षा जास्त नसावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

एक चाचणी मला दर वेळी अस्वस्थ करते. मेलेल्या जिवाणूच्या कवचाचा अंश औषधात राहिला तर ताप येतो, रक्तदाब कोसळू शकतो. उकळूनही तो जात नाही. तो ओळखण्यासाठी आधी सशांना टोचून ताप येतो का बघत. मग कळलं की हॉर्सशू नावाच्या समुद्री खेकड्यासारख्या जीवाचं निळं रक्त या अंशाला लागताच गोठतं. जगातली कोट्यवधी इंजेक्शनं या निळ्या रक्ताच्या आधारावर तपासली गेली आहेत. आता त्या रक्तातलं नेमकं प्रथिन प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून करवून घेता येतं, म्हणजे प्राण्यावाचून चाचणी होते. या बदलाचा वेग आणखी वाढायला हवा, असं माझं मत आहे.

सापाच्या लसीचं काय?

पेरणी झाली की पेपरात सर्पदंशाच्या बातम्या सुरू होतात. भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं सर्पदंशानं गेली असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंश दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतला, आणि केंद्र सरकारनं २०२४ मध्ये हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला.

आपण तिला लस म्हणतो, पण ती लस नाही. लस शरीराला लढायला शिकवते. हे औषध म्हणजे दुसऱ्यानं तयार केलेली कुमक. घोड्याला विषाच्या अगदी लहान मात्रा देत जातात, त्याच्या रक्तात विष पकडणारी प्रतिपिंडं तयार होतात. रक्तातून ती वेगळी काढायची, त्यांचा नको असलेला भाग पेप्सिन या पाचक प्रथिनानं कापायचा, आणि सुकवून बाटलीत भरायचं. पुन्हा निवडणंच आलं.

दोन शंका हमखास येतात. एक, इंजेक्शन दिल्यावर अंगावर पित्त उठतं, दम लागतो, म्हणजे औषध वाईट का? घोड्याचं प्रथिन आपल्या शरीराला परकं असतं, आणि बाटलीतल्या प्रथिनांपैकी थोडाच हिस्सा विषाला पकडणारा असतो, बाकी घोड्याची इतर प्रतिपिंडं. त्यामुळं शरीर चिडतं. डॉक्टर ते अ‍ॅड्रेनालिननं आवरतात. म्हणूनच हे औषध दवाखान्यातच घ्यायचं असतं, आणि म्हणूनच त्याची शुद्धता वाढवणं हे शास्त्रज्ञांपुढचं खरंखुरं काम आहे. दुसरी शंका, लहान पोराला मोठ्या माणसाएवढ्याच बाटल्या कशाला? सापानं सोडलेलं विष पोराच्या वजनावर ठरत नाही. औषध माणसासाठी मोजत नाहीत, विषासाठी मोजतात. आपल्याकडच्या औषधाचा एक मिलिलिटर नागाचं किंवा घोणसचं ०.६ मिलिग्रॅम, मण्यारचं किंवा फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करतो. त्यामुळं दहा-दहा बाटल्या लागतात.

आणखी एक अडचण खुद्द विषाची आहे. औषधासाठीचं विष बऱ्याच अंशी तमिळनाडूत गोळा होतं, तिथल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेनं हे काम पिढ्यांच्या कसबावर उभं केलं आहे. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणं बदलतं. दक्षिणेतल्या विषावर तयार झालेलं औषध इकडच्या विषावर तेवढंच चालेल असं नसतं. वेगवेगळ्या भागांतली विषं तपासून औषध सुधारणं हे विश्लेषणाचंच काम आहे, आणि त्यात विदर्भातल्या सापांचा नीट अभ्यास व्हायला हवा. तोवर जे औषध आहे तेच जीव वाचवतं. मांत्रिकाकडं गेलेला तास परत मिळत नाही.

"स्वस्तातलं म्हंजे हलकं काय?"

गोळ्यांच्या बाबतीत लोकांना आता जेनेरिक पटलं आहे. पॅरासिटामॉलच्या एका रेणूत २० अणू असतात. कुणीही केला तरी तो अगदी तोच रेणू होतो. इन्सुलिनच्या रेणूत ७८८ अणू असतात, प्रतिपिंडात वीस हजारांच्या आसपास. तेही जिवंत पेशीनं केलेले. एकाच वाणाची कलमं दोन वावरांत लावली तर संत्र्याची चव थोडी वेगळी लागते, तसं इथंही बारीक फरक पडतात. म्हणून दुसऱ्या कंपनीनं केलेल्या अशा औषधाला जेनेरिक न म्हणता बायोसिमिलर म्हणतात, म्हणजे मूळ औषधाशी अत्यंत जुळणारं. भारतात त्यासाठीची नियमावली २०१२ मध्ये आली आणि २०१६ मध्ये सुधारली गेली. रेणूचं वजन, घड्या, त्यावरची साखर, गठ्ठे, काम करण्याची ताकद, सगळं मूळ औषधाशेजारी ठेवून तपासावं लागतं, आणि मग माणसांवरची चाचणी.

नियमानं मंजूर झालेलं बायोसिमिलर हलकं नसतं. फक्त डॉक्टरांना न सांगता आज हे, उद्या ते असं करू नये, विशेषतः इन्सुलिनमध्ये, कारण ताकद आणि प्रकार बदलला तर मात्रा चुकते.

फ्रिज, माठ आणि तळहात

इतकं निवडून, तपासून आलेलं औषध घरात दोन दिवसांत बिघडू शकतं. काकाजींचा फ्रिज बघितला तेव्हा शिल्लक बाटल्या वरच्या खणात, बर्फाच्या ट्रेला टेकून होत्या. एक तर कडक गोठली होती. ती टाकून दिली. गोठलं की फेटा सुटतो, वितळल्यावर पुन्हा बांधला जात नाही. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची, म्हणजे फ्रिजच्या मधल्या फळीवर, पाठीमागच्या भिंतीला न चिकटवता. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण बाहेरची उष्णता २५-३० अंशांच्या वर जात नसेल तरच. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि लाइट जाते. फ्रिज नसेल किंवा भरवसा नसेल तर दोन मातीची भांडी एकात एक ठेवून मधे ओली रेती भरावी, आतल्या कोरड्या भांड्यात बाटली ठेवावी, सावलीत. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं त्याच कारणानं हे आतून गार राहतं.

काकाजींनी शेवटी विचारलं की बाटलीतलं पाणी दुधाळ दिसते, म्हणजे खराब झालं का. ३०/७० ची बाटली दुधाळच असते, त्यात इन्सुलिनचे बारीक स्फटिक तरंगत असतात. तळाशी पांढरं बसतं, वर नितळ राहतं, म्हणून घ्यायच्या आधी ते एकसारखं करावं लागतं. साधं, लगेच काम करणारं इन्सुलिन मात्र पाण्यासारखं नितळ हवं, ते गढूळ झालं तर वापरायचं नाही. दुधाळ बाटलीतही गुठळ्या दिसल्या किंवा काचेला कण चिकटले तर ती बाद.

इतकी वर्षं ते खोकल्याच्या औषधासारखी बाटली खडखड हलवत होते. हलवलं की फेस येतो, फेसात प्रथिन सुटतं, आणि सिरिंजमध्ये हवा शिरून मात्रा कमी भरते. मी बाटली त्यांच्या हातात आडवी ठेवली. "देवाची वात वळता ना काकाजी, तशी."

त्यांनी बाटली दोन तळहातांत धरली. कापसाची वात वळतात तशी, न दाबता, सावकाश, दहा वेळा. तळाचं पांढरं उठलं आणि बाटली सगळीकडं सारखी दुधाळ झाली. मग त्यांनी चष्मा लावला आणि सिरिंज भरायला घेतली.